अंबरनाथची ऊर्जा, डोंबिवलीचा अंधार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबईसह ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागीच थांबल्या, रुग्णालयांची मदार डिझेलच्या जनित्रांवर आली. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-बदलापूरने याहून भीषण प्रसंग अनुभवला होता. संकटाच्या घडीला वीज सर्वप्रथम जाते आणि नेमकी तेव्हाच तिची गरज सर्वाधिक असते, हा या परिसराचा कटू अनुभव आहे.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा कल्याणपासून तीन स्थानके दूर, अंबरनाथमध्ये आहे. तेथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी इंधनघटावर आधारित ऊर्जाप्रणाली विकसित केली. ८ मार्च २०२१ रोजी तिचे जमिनीवरील प्रारूप चाचणीत यशस्वी ठरले. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीशी या प्रणालीच्या जोडणीसाठी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. प्रणालीचे वेगळेपण असे की, तिला लागणारा हायड्रोजन टाकीत साठवला जात नाही. तो पाणबुडीतच तयार होतो.

हायड्रोजन साठवणे हेच मुळात कठीण काम. द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश तापमान हवे, वायुरूपात ठेवायचा तर प्रचंड दाबाची नळकांडी हवीत. त्याऐवजी सोडियम बोरोहायड्राइडसारख्या संयुगात तो बांधून ठेवता येतो. उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाण्याशी संयोग घडवला की हवा तेव्हा, हवा तेवढाच हायड्रोजन सुटतो. एक किलो चूर्णातून सुमारे २०० ग्रॅम हायड्रोजन व त्यातून इंधनघटाद्वारे साधारण अडीच ते तीन युनिट वीज मिळू शकते. एक पंखा व दोन दिवे अहोरात्र चालतील, एवढी ही वीज आहे. धूर नाही, कर्कश आवाजही नाही. पाणबुडीला प्राणवायू सोबत न्यावा लागतो. जमिनीवर तो हवेतूनच मिळतो.

मग हे तंत्र घरोघरी का नाही? भाबडा उत्साह येथे कामाचा नाही. बोरोहायड्राइड महाग आहे. हायड्रोजन सुटल्यावर उरणाऱ्या बोरेटपासून ते पुन्हा तयार करण्यास मोठी ऊर्जा खर्च होते. याच अडचणींमुळे २००७ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी मोटारींसाठी हा मार्ग पुढे न नेण्याची शिफारस केली. शिवाय जगातील बोरॉनचा सर्वांत मोठा साठा तुर्कस्तानात आहे. खनिज तेलाची परावलंबिता सोडून बोरॉनची पत्करण्यात स्वावलंबन ते कसले? सुरक्षेचा प्रश्न तर डोंबिवलीकरांना सांगायलाच नको. २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांच्या जखमा अद्याप ओल्या आहेत. हे चूर्णही ओलाव्यापासून जपावे लागते. त्याची हाताळणी शिस्तीनेच व्हायला हवी.

म्हणून आरंभ मर्यादित क्षेत्रात व्हावा. पूरग्रस्त गावातील वैद्यकीय पथक, आपत्ती नियंत्रण कक्षाची संपर्कयंत्रणा, सीमेवरील चौकी अशा ठिकाणी विजेचे मोल पैशांत मोजले जात नाही. तेथे सुवाह्य इंधनघटांचा प्रयोग करावा, वापरलेले बोरेट परत गोळा करून त्याच्या पुनर्निर्मितीचे संशोधन देशातच करावे. केंद्राने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन मोहिमेत अशा छोट्या उपयोगांनाही स्थान असावे.

ठाणे-डोंबिवलीत रसायन उद्योग आहे, अभियंते आहेत, शेजारी प्रयोगशाळा आहे. उणीव आहे ती या तिघांना एकत्र आणणाऱ्या दृष्टीची. समुद्राच्या तळाशी देशाच्या रक्षणासाठी सिद्ध होणारे ज्ञान पुराच्या रात्री सामान्य माणसाच्या दारातही पोहोचले पाहिजे. विज्ञान राष्ट्राच्या सेवेत रुजू होते ते अशाच मार्गाने.