घरांतील स्नेहद्रव्यें

गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं आम्हांस तेलतूप बेतानें खाण्यास सांगितलें. आम्हीं वडीलपणाच्या भरांत तो नियम साऱ्या घरास लागू केला. एका चुलीवर दोन तऱ्हेचें अन्न कशास, असा आमचा युक्तिवाद! सरकीच्या तेलाचा डबा माळ्यावर गेला आणि सव्वा वर्षाच्या नातीच्या मऊ भातावरील तूपहि बंद झालें. दोन महिन्यांत पोर किरकिरी झाली. तिचें वजन वाढेना. अखेर सूनबाई धीर करून म्हणाली, "मामंजी, पथ्य आपणांस सांगितलें आहे, तिला नव्हे." आम्ही निरुत्तर झालों. जेथें चुकलों तो विषय नीट समजून घ्यावा, म्हणून हा प्रपंच.

संस्कृतांत प्रेमास स्नेह म्हणतात आणि तेलातुपासहि. चरकसंहितेंत घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. त्यांची घडण आमच्या दर्यापुराकडील शेतकऱ्यास चटकन् उमजेल. तिफणीच्या आडव्या लाकडास तीन फण असतात. तसेंच तेलातुपाच्या रेणूंत ग्लिसरीनच्या एका आडणीस मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. साखळ्या सरळ असल्या तर त्या दाटून बसतात. म्हणून तूप थंडींत थिजतें. साखळींत द्विबंध असला कीं तिला बाक येतो व तेल पातळ राहतें. सरकीच्या तेलांत सुमारें निम्मीं मेदाम्लें दोन द्विबंधांचीं, लिनोलेइक नांवाचीं असतात. जवसाच्या तेलांत निम्म्याहून अधिक तीन द्विबंधांचीं, अल्फा-लिनोलेनिक. हीं दोन्ही शरीरास स्वतः घडवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात. अमेरिकेंत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्यानें उंदरांस स्नेहरहित अन्नावर ठेवून पाहिलें, तेव्हां त्यांची वाढ खुंटली व त्वचेवर खवले आले. हें १९२९ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां तिफणीचा एक फण काढून तेथें पाण्याची आवड असलेला फॉस्फरसयुक्त भाग बसवावा, म्हणजे जणूं दुफण होते. तिचे फण पाणी टाळतात, डोकें पाणी शोधतें. म्हणून असे रेणु पाण्यांत दुहेरी रांग धरतात. आपल्या प्रत्येक पेशीचें आवरण अशाच रांगांचें आहे. मज्जातंतूंवरील वेष्टणहि बहुतांशीं स्नेहाचें असतें, आणि पहिल्या दोन वर्षांत तें झपाट्यानें चढतें. आईच्या दुधांतील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्नेहाची असते, ती उगीच नव्हे. एक ग्रॅम पिठुळ पदार्थांतून सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्नेहांतून ९. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्नेहाच्याच संगतीनें शोषलीं जातात. ज्या कोलेस्टेरॉलास आम्ही भितों, त्यापासूनच शरीर पित्ताम्लें व कित्येक अंतःस्राव घडवितें.

याचा अर्थ वाटेल तितकें तळण खावें असा नव्हे. उतारवयांत रक्तवाहिन्यांत मेद साठण्याचें भय खरेंच आहे, आणि आमचें पथ्य आम्ही पाळीत आहों. परंतु वाढत्या अंगाची गरज निराळी. एका चुलीवर शिजलेलें अन्न वाढतांना गृहिणी प्रत्येकाचें वय पाहते. आम्ही तेवढेंहि पाहिलें नाहीं.

नातीच्या भातावर पुन्हां तूप पडूं लागलें आहे व तिचें वजनहि चढत आहे. परवां तिनें आपल्या ताटांतील तूपभाताचा एक घास आमच्या तोंडापुढें धरला. पथ्य असूनहि तो आम्हीं खाल्ला.