यंत्र कोणाच्या नावावर?

शाळेतून प्रकल्प मिळाला की आपल्या घरातली मुले हल्ली आधी मोबाईल उघडतात आणि विकिपीडियाचे पान काढतात. आई कामावरून दमून आलेली असते, वडील रात्रपाळीला गेलेले असतात, पुस्तक विकत घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. तरीही वही पूर्ण होते. पान फुकट, त्यावर जाहिरात नाही, वर्गणी नाही. आम्ही गेली वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. जिथे काही फुकट मिळते तिथे खर्चाची बाजू कुठे लिहिली आहे, हे शोधण्याची आम्हांस खोड लागली आहे. तेव्हा या अंकी त्या खर्चाच्या बाजूविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

इंटरनेटवरचे कोणतेही पान आकाशात तरंगत नसते. ते कुठल्या तरी खोलीत, लोखंडी मांडणीत ठेवलेल्या एका संगणकात साठवलेले असते. त्याला सर्व्हर म्हणतात. तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, त्याला वीज लागते, गार हवा लागते, आणि तो तापतो, झिजतो, एक दिवस बंद पडतो. शिलाई मशीनचे किंवा पिठाच्या गिरणीचे जे असते तेच याचे. फरक इतकाच की गिरणी बंद पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाते. इथे मात्र हजारो लोकांनी फुकट मेहनतीने लिहिलेले सारे काही त्या पेटीत असते.

विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ रोजी, अमेरिकेत. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ही दोन नावे त्यामागे होती. वेल्स यांची बोमिस नावाची एक छोटी कंपनी होती, तिच्याच यंत्रावर हा ज्ञानकोश ठेवला गेला. लिहिणारे सगळे स्वयंसेवक, यंत्र मात्र कंपनीचे. सुरुवातीला याचे कोणाला काही वाटले नाही. भाड्याच्या खोलीत वाचनालय चालवावे, पुस्तके सभासदांची, पण किल्ली घरमालकाकडे, असा तो प्रकार होता.

२००२ साली त्या किल्लीची आठवण झाली. कंपनीकडे पैसा आटला होता आणि पानांवर जाहिराती येऊ शकतील अशी चर्चा निघाली. स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना ते रुचले नाही. आम्ही फुकट राबावे आणि त्यावर दुसऱ्याने जाहिराती लावून कमवावे, हे त्यांनी मान्य केले नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांच्यापैकी बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी स्पेनमधील सेव्हिल विद्यापीठाच्या यंत्रावर आपला वेगळा मुक्त ज्ञानकोश उभा केला. स्पॅनिश विकिपीडियाचे काम त्यामुळे पुढे बराच काळ मंदावले. हा तंटा कोणाच्या स्वभावामुळे झाला असे आम्हांस वाटत नाही. यंत्र कोणाच्या नावावर आहे, हा साधा प्रश्न आधी सोडविला नव्हता, म्हणून तो झाला. आपल्या किती मंडळांचे सामान अध्यक्षांच्या घरी आणि अध्यक्षांच्याच नावावर असते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्याच वर्षी जाहिराती घेणार नाही असे जाहीर झाले, आणि २० जून २००३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था नोंदविली गेली. आपल्याकडच्या सार्वजनिक न्यासासारखीच ती समजावी. वेल्स यांनी नाव, हक्क आणि यंत्रे या संस्थेच्या स्वाधीन केली. आता वर्गणी मागण्याची सोय झाली. खाजगी मालकाच्या यंत्रासाठी कोण कशाला खिशात हात घालील?

याच सुमारास, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडियाही सुरू झाला. म्हणजे महाराष्ट्र दिनी जन्मलेले हे मराठी बाळ परक्या देशातल्या त्याच एक-दोन यंत्रांवर वाढत होते. त्यांपैकी एका यंत्राचे नाव प्लिनी आणि दुसऱ्याचे लारूस. एक जुना रोमन ग्रंथकार, दुसरा फ्रेंच कोशकार. स्वयंसेवकांनी हौसेने ठेवलेली ही नावे. बैलाला नाव ठेवले की तो आपला होतो, तसेच हे.

पण नाव ठेवल्याने बैलाची ताकद वाढत नाही. वाचक वाढत होते, लेख वाढत होते आणि पान उघडायला मिनिट-मिनिट लागू लागले. इथे त्या स्वयंसेवकांनी जे केले ते आम्हांस फार शिकण्याजोगे वाटते. पैसे नसताना त्यांनी प्रथम यंत्रावरचा भार कमी केला. कोलोन येथे जीवशास्त्र शिकणाऱ्या मॅग्नुस मान्स्के या विद्यार्थ्याने नवी प्रणाली लिहिली, ती २००२ च्या जानेवारीत वापरात आली; तिचीही दमछाक होऊ लागल्यावर ली डॅनियल क्रॉकर यांनी त्याच वर्षी ती पुन्हा लिहून काढली. या प्रणालीत पुढे एक कळ बसविली गेली, तिचे नाव ‘कंजूष पद्धत’. ती लावली की यंत्राला फार कष्ट देणाऱ्या याद्या आणि तक्ते दरवेळी नव्याने बनत नाहीत, पूर्वी बनविलेलेच दाखविले जातात. महिनाअखेर जवळ आली की आपल्या घरी आया-बहिणी हेच करतात, फक्त त्याला कोणी पद्धत म्हणत नाही.

कंजूषपणालाही मर्यादा असते. २००३ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, यंत्रे बिघडली आणि काम ठप्प झाले. मग वाचकांना आवाहन करण्यात आले: वीस हजार डॉलर हवेत. लोकांनी थोडे थोडे करून त्याहून जास्त दिले. ही बातमी ऐकून कोणालाही आनंद होईल. आम्हांस मात्र त्यात एक खंतही दिसते. बंद पडल्यावर लोक देतात. चालू असताना देखभालीसाठी मागितले तर ‘चालले आहे ना, मग कशाला?’ असे म्हणतात. नळ फुटला की सारी चाळ धावते, वॉशर बदलण्यासाठी दोन रुपये मात्र निघत नाहीत.

पैसा आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पैसा नसतो तेव्हा भांडण नसते, हे मंडळवाल्यांना ठाऊक आहे. एकच मोठे, महागडे यंत्र घ्यावे, की मध्यम दर्जाची अनेक घ्यावीत? एक मोठे घेतले तर सोपे, पण तेच बसले की सारे बसले. अनेक घेतली तर एक पडले तरी बाकीची ओढतात, मात्र कामाची वाटणी नीट करावी लागते. त्यांनी अनेक यंत्रांचा मार्ग धरला, आणि २००४ च्या सुरुवातीला फ्लोरिडातील टँपा शहरात नवी मांडणी उभी राहिली.

कामाची वाटणी कशी केली ते थोडक्यात सांगतो. सर्व लेख आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या ज्यात राहतात ते यंत्र वेगळे. त्याला भरपूर रॅम, म्हणजे तात्पुरती स्मरणशक्ती, आणि चपळ हार्ड डिस्क हवी. लेखांची पाने बनविणारी यंत्रे वेगळी. आणि दारात बसविलेली तिसऱ्या प्रकारची यंत्रे, ज्यांत तयार पानांच्या प्रती ठेवलेल्या असतात. वडापाववाला गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईकासाठी कढई नव्याने तापवीत नाही, घाणा काढून परातीत ठेवतो. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण फक्त वाचणारे असतात, लिहिणारे थोडे. वाचणाऱ्यांना दारातूनच पान मिळाले की आतल्या यंत्रावरचा भार निम्म्याहून खाली येतो. स्क्विड नावाची जी प्रणाली यासाठी लावली ती फुकट मिळणारी होती. लिनक्सही फुकटचेच. म्हणून वर्गणीचा पैसा परवान्यांत न जाता यंत्रांत गेला.

नवे यंत्र घेण्याआधी कोणी कुशल स्वयंसेवक पहिला प्रश्न हा विचारतो: अडते नेमके कुठे? रॅम कमी पडते, डिस्क मंद आहे, प्रोसेसर थकतो की बाहेर जाणारी तार अरुंद आहे? रॅम कमी असताना नवा प्रोसेसर आणला तर पैसा पाण्यात. दुखते पोट आणि चष्मा बदलला, असे व्हायचे. पण ते कळण्यासाठी यंत्राची रोजची नोंद ठेवावी लागते, आणि ती ठेवण्याचे कंटाळवाणे काम ज्याच्या अंगवळणी पडते तोच अशा मंडळींत खरा आधार असतो. मिरवणुकीत तो कधी दिसत नाही.

आता आमच्या विषयाकडे येतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी घसारा शिकवितात. समजा, एखाद्या माजी विद्यार्थी मंडळाने किंवा वाचनालयाने साठ हजार रुपयांचे यंत्र घेतले आणि ते पाच वर्षे चालेल असा अंदाज धरला. तर दर वर्षी बारा हजार, दर महिन्याला हजार रुपये इतकी त्याची किंमत झिजते. सभासद दोनशे असतील तर प्रत्येकी महिना पाच रुपये. एवढे वेगळे काढून ठेवले तर सहाव्या वर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. वीज, जागा आणि एक-दोन जादा डिस्क यांचा खर्च निराळा. आमचा अनुभव असा की उद्घाटनाच्या हारतुऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात असतो, घसाऱ्याची ओळ नसते. ज्या समितीत ती ओळ लिहिण्याचा आग्रह धरणारी एखादी भगिनी असेल तिला कोणी कटकटी म्हणू नये.

डिस्कविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन डिस्क जोडून दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय असते. एक मेली तरी दुसरी जिवंत. अनेकांना वाटते की झाले, आता जतनाची चिंता नाही. पण कोणी चुकून लेख पुसला तर तो दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. म्हणून वेगळी प्रत, वेगळ्या जागी, ठरलेल्या दिवशी काढून ठेवणे याला पर्याय नाही. आणि ती प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती आहे असे धरू नये.

इतकी तयारी करूनही २००५ च्या फेब्रुवारीत टँपामध्ये अंधार झाला. यंत्रे ज्या इमारतीत होती तिथला वीजपुरवठ्याचा ब्रेकर पडला आणि सगळी यंत्रे एकदम बंद झाली. वीज परत आली, पण खतावण्या बिघडलेल्या निघाल्या. कारण मोठे मौजेचे आहे. डिस्क ‘लिहिले’ असा निरोप देते, पण प्रत्यक्षात ते अजून तिच्या तात्पुरत्या स्मरणातच असते. कारकुनाने ‘नोंद झाली साहेब’ म्हणावे आणि चिठ्ठी खिशातच असावी, तसे. वीज गेली की खिशातल्या चिठ्ठ्या गेल्या. सुदैवाने एका दुय्यम यंत्रावरची प्रत शाबूत सापडली. ती इतरांच्या मागे राहिलेली होती. मग रोजकीर्दीतून पुढच्या नोंदी एकेक करून तिच्यावर चढविण्यात आल्या. सुमारे दिवसभर हे चालले. ते करणारे तोपर्यंत बहुतेक बिनपगारी होते; ब्रायन विबर हे त्यांपैकी एक, त्यांना संस्थेने त्याच वर्षी पगारावर घेतले. किर्द आणि खतावणी वेगळी का ठेवावी, असे जे तरुण आम्हांस विचारतात त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता ती संस्था मोठी आहे, पगारी तंत्रज्ञ आहेत. २०१३ च्या जानेवारीत मुख्य काम टँपाहून व्हर्जिनिया राज्यात हलविले गेले आणि पुढे टेक्सासमध्ये दुसरे ठिकाण उभे राहिले. २०१६ पासून त्यांनी एक रिवाज पाडला आहे. कोणताही बिघाड नसताना, ठरवून, सारे काम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन पाहायचे. हल्ली हे वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास होते. आधी सूचना दिलेली असते. बदल होतो तेवढी काही मिनिटे लेखांत दुरुस्ती करता येत नाही, मराठीतही नाही. वाचणाऱ्या मुलांना मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.