असईचा पराभव: उणीव तोफांची नव्हती

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे मराठ्यांचा पराभव झाला, तो फितुरीने किंवा इंग्रजांच्या भारी तोफांमुळे, असे जालना जिल्ह्यात सर्रास सांगितले जाते. यातले तोफांचे कारण खोटे आणि फितुरीचे अर्धवट आहे. सरहद्दीवर उभी असलेली फौज लढायला तयार होती, ती लढवणारी व्यवस्था तयार नव्हती.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या पंखाखाली गेला. त्याविरुद्ध दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले एकत्र आले, यशवंतराव होळकर मात्र बाजूलाच राहिले. युद्धाला तोंड फुटताच नगरचा किल्ला १२ ऑगस्टला पडला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जालन्याचाही गेला. शिंद्यांची दक्षिणेकडची सरहद्द अशी महिन्याभरात उघडी पडली.

असईजवळ खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचा तळ होता. शंभराच्या आसपास तोफा, दहा हजारांवर कवायती पायदळ आणि त्याच्या कितीतरी पट घोडदळ असा त्यांचा जमाव होता. समोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची शिस्तबद्ध फौज साडेचार हजारांच्या घरात होती. जोडीला म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार होते. स्टीव्हन्सनच्या हाताखालची इंग्रजांची दुसरी तुकडी बदनापूरहून वेगळ्या वाटेने निघालेली असल्याने ती लढाईला हजर नव्हती. शत्रू असा विभागलेला असतानाही ती संधी मराठ्यांना साधता आली नाही.

पहिली चूक नदीवर झाली. खेळणेला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला छातीठोकपणे सांगितले होते. पण पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन्ही काठांवर समोरासमोर दिसताच त्याने ताडले, की रोजची ये-जा असल्याशिवाय गावे अशी वसत नाहीत. उतार होता आणि तो राखायला पायदळ ठेवलेले नव्हते. इंग्रज फौज तिथून नदी ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आली.

दुसरी उणीव नेतृत्वाची. कवायती पलटणींची सूत्रे पोलमन या हॅनोव्हरच्या भाडोत्री अधिकाऱ्याकडे होती. ईस्ट इंडिया कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडले होते. त्यांच्या जागी एतद्देशीय अधिकारी आधीच तयार केले असते, तर या फितुरीचा घाव एवढा खोल गेला नसता. पायदळ झुंजत असताना प्रचंड घोडदळ जवळपास बघत उभे राहिले आणि दोन्ही राजे मैदान सोडून गेले.

शिपाई मात्र उणे पडले नाहीत. बगल उघडी पडताच पोलमनच्या पलटणींनी भराभर मोहरा फिरवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी उभारली. मराठ्यांच्या माऱ्याने इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज लोळले, त्यांच्या तोफा मागेच राहिल्या. पुढे तोफखाना इंग्रजांच्या हाती गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्याच तोफांचा मारा त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर सुरू केला. वेलस्लीला मागे वळून त्या पुन्हा जिंकाव्या लागल्या. इंग्रजांकडचे ४२८ ठार आणि हजारावर जखमी झाले. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच वेलस्ली उतारवयात असईलाच आपली सर्वांत सरस कामगिरी मानत असे.

म्हणून असईचा धडा 'फितुरी' या एका शब्दात गुंडाळू नये. जिल्ह्यातील शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात, तशा खेळणेच्या त्या उताराशीही न्याव्यात. तोफा विकत घेता येतात. जासूद, चौक्या, आपले अधिकारी आणि एकमत हे आधीच कमवावे लागते, हे मुलांना तिथे उभे करून दाखवता येईल. शिवाय हा धडा जालन्याचा स्वतःचाच आहे: ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा जो मुलूख सोडून दिला, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणाही होता.

— एक वाचक, जालना