शाळेत न येणाऱ्या मुलांचं कारण नोंदवा : पालक, शिक्षक आणि संशोधकांना तातडीचं आवाहन

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा भरतात आणि आठवी-नववी-दहावीच्या वर्गांत काही बाक रिकामेच राहतात. कुणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं, कुणी मामाच्या गावी लग्नाला, कुणी तापाने अंथरुणात. पण एखाद-दुसरं मूल असं असतं की ते घरातच आहे, दप्तर भरलेलं आहे, गणवेशाला इस्त्री झालेली आहे, आणि तरी त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे आवाहन या मुलांसाठी आहे. दहावीचं दुसरं सत्र लहान असतं. दहावीला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते, आणि ती भरत नाही हे घरच्यांना बहुतेक वेळा पूर्वपरीक्षेच्या तोंडावर कळतं. मग कुणीतरी सुचवतं, ‘पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका.’ खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा तो अर्ज भरला की मुलाचं नाव शाळेच्या पटावरून जातं, आणि ते शाळेत का येईना हा प्रश्नही त्या नावाबरोबर जातो.

अशा घरातली सकाळ पाहा. साडेसहाला पोटात दुखायला लागतं. आई ओवा देते, पोटाला हिंग लावते. सातला मळमळायला लागतं, मुलगा न्हाणीघरात जाऊन कडी लावतो. वडील बाहेरून दार वाजवतात, रिक्षावाला खालून हॉर्न देतो, शेजारची काकू जिन्यात थबकते. रिक्षा निघून जाते. अकरापर्यंत पोट दुखायचं थांबलेलं असतं, आणि रविवारी तर ते दुखतच नाही. वडिलांचा निष्कर्ष पक्का होतो : नाटकं आहेत. डॉक्टर सोनोग्राफी करून घेतात, रक्त तपासतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणतात. गावाकडे कुणी बाहेरचं झालंय म्हणून अंगारा आणतं. यातलं कुणीच वाईट नाही. पण ते पोट खरंच दुखत असतं. भीती आतड्यांपर्यंत पोचते, परीक्षेच्या आधी मोठ्यांनाही ते अनुभवाला येतं. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर त्या मुलाच्या पदरात एवढंच पडतं की माझ्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही.

यानंतर जे घडतं ते समजून घेतलं पाहिजे. शाळा चुकली की भीती तात्पुरती उतरते, जिवाला बरं वाटतं. हे बरं वाटणंच दुसऱ्या दिवशीची भीती वाढवतं. आठवडा गेला की वह्या अपुऱ्या राहतात, दोन आठवड्यांनी गणिताचा धडा पुढे गेलेला असतो, महिन्याने मैत्रिणी विचारायच्या थांबतात. मग ‘इतके दिवस कुठे होतीस?’ या एका प्रश्नाला तोंड द्यायचीच भीती मूळ कारणापेक्षा मोठी होऊन बसते. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस मोलाचे आहेत.

कारणं मात्र एका साच्यातली नसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी गेली तीसेक वर्षं या विषयावर काम करताहेत. ते आधी विचारतात की शाळा चुकवून या मुलाला मिळतं काय. शाळेत गेल्यावर होणारी घालमेल टळते, की चारचौघांत उभं राहून वाचण्यासारखा, परीक्षेसारखा एखादा प्रसंग टळतो? घरच्या माणसाची सोबत मिळते, की घरी राहण्यात निव्वळ मौज आहे? चारही मुलं हजेरीपटावर सारखीच गैरहजर दिसतात, पण चौघांवरचे उपाय वेगळे. जिची आई आजारी आहे आणि जी आईला एकटं सोडायला घाबरते, तिला मोबाइल काढून घेऊन शाळेत ढकलण्यात काय अर्थ आहे? आपल्याकडे सध्या सगळ्याचं खापर मोबाइलवर फोडायची सोय झाली आहे. रात्री दोनपर्यंत जागणारी मुलं आहेत, नाही असं नाही. पण ती मोबाइलमुळे शाळेत जात नाहीत, की शाळेत जाववत नाही म्हणून मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात, हे विचारायची तसदी फार थोडे घेतात.

इथे महाराष्ट्रातली खास कारणं येतात, आणि ती सगळी परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, नाहीतर सातवी-आठवीला संपते, मग तालुक्याच्या हायस्कुलात एसटीने जायचं. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीच्या पुढ्यात सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान येतं आणि वर्गात पहिली येणारी ती एकदम गप्प होते. पाळी सुरू झालेल्या मुलीच्या शाळेत स्वच्छतागृहाला कडी नसते. आडनाव विचारून टोमणा मारणारा एखादा टग्या मागच्या बाकावर असतो. घरात कर्जाची, दारूची, नाहीतर ताज्या मृत्यूची सावली असते. यातलं कुठलं कारण किती मुलांच्या बाबतीत खरं आहे, हे आज आपण अंदाजाने बोलतो.

हजेरी घेण्यात आपण कुठेही कमी नाही. आठवीपर्यंत पोषण आहारासाठी रोज डोकी मोजली जातात. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्थानकांवर मुलं शोधली गेली, मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या, पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्त्याची योजना १९९२ मध्ये सुरू झाली. हे सगळं गरिबीमुळे शाळा सुटलेल्या मुलांसाठी होतं आणि ते आवश्यकच होतं. पण आपल्या यंत्रणेला गरिबी दिसते, भीती दिसत नाही. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आणि हा त्रास अनेकदा जोर धरतो तो तेरा-चौदानंतर. म्हणजे कायद्याचा हात सुटतो तिथेच मुलाचा पाय घसरतो.

जपानने हे काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. आजारपण आणि पैशाची अडचण ही कारणं वगळून, वर्षात ३० किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत न आलेल्या मुलांची वेगळी मोजणी त्यांचं शिक्षण मंत्रालय दरवर्षी करतं आणि आकडा जाहीर करतं. २०२३ च्या शालेय वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मिळून तो ३ लाख ४६ हजार ४८२ होता. आकडा लाजिरवाणा होता, तरी त्यांनी तो छापला.

आणि आपण? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण त्यात ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गाला लावलं तर चारहून अधिक. पण ते सर्वेक्षण झालं त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. या मृत्यूंचा आणि शाळा सुटण्याचा सरळ संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. तो संबंध आहे की नाही, हे तपासलं पाहिजे एवढंच म्हणतो.

तपासणार कसं? आपल्या महाविद्यालयांतून किशोरांच्या ताणतणावावर प्रबंध होतात, पण त्यांची ठरलेली पद्धत अशी : मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायची, एका तासाला वर्गात प्रश्नावल्या वाटायच्या, गोळा करायच्या, टक्केवारी काढायची. त्या दिवशी जे मूल वर्गात नव्हतं ते या टक्केवारीत येणार कुठून? ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तेच वगळलं जातं, आणि निष्कर्ष निघतो की मध्यम ताण आहे. माझा सारा आग्रह या एका गोष्टीचा आहे. संशोधन वर्गातल्या हजर मुलांपाशी न थांबता गैरहजर मुलाच्या घरापर्यंत गेलं पाहिजे.

म्हणून मानसशास्त्र, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्र विभागांना विनंती : पुढच्या वर्षीच्या प्रबंधांसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. एका तालुक्यातल्या मोजक्या शाळा निवडा, पण त्यांचा वर्षभराचा हजेरीपट वाचा. गैरहजेरी सोमवारी वाढते की तोंडी परीक्षेच्या दिवशी, सुट्टीनंतर की शाळा बदलल्यावर, हे त्या पटात आधीच लिहिलेलं आहे. मग घरी जा. आईवडिलांची संमती घ्या, मुलाचीही घ्या, आणि मूल नाही म्हणालं तर परत या. नाव, शाळा, गाव कुठेही उघड होऊ देऊ नका. आणि जी माहिती घ्याल तिच्या बदल्यात त्या घराला मदतीचा निदान एक पत्ता देऊन या. नुसतं टिपून निघून येणं हा त्या घरावर अन्याय आहे.

वर्गशिक्षकांनो, तुमच्या डोक्यावर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत किती कामं आहेत हे ठाऊक आहे. नवी माहिती ऑनलाइन भरा असं सांगायला कुणाची जीभ वळू नये. तरी एवढं करा : सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी फोन करा आणि कळलेलं कारण पेन्सिलीने पटाच्या कडेला लिहा. ‘आजारी’ एवढ्यावर थांबू नका, कसलं आजारी ते विचारा. आठवडा झाला तर गृहभेट द्या. ते मूल परत येईल त्या दिवशी सर्वांसमोर ‘या साहेब, आठवण आली का?’ हे वाक्य कृपा करून कुणी म्हणू नका. त्या एका वाक्याने परतलेली मुलं पुन्हा घरी बसतात.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना आठवण करून द्यायची ती सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाची. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. चित्रकलेच्या सरांना समुपदेशकाची पाटी दिली की काम झालं असं समजू नका.

शिक्षण विभागाकडे मागणी एकच : राज्यातल्या विद्यार्थ्यांची नोंद आधीच संगणकावर आहे, तिथे दीर्घ गैरहजेरीचं कारण वेगळं नोंदवा आणि मुलांची नावं न देता जिल्हावार आकडा दरवर्षी जाहीर करा. आकडा मोठा आला म्हणून कुठल्याही शाळेला नोटीस काढू नका, नाहीतर पुढच्या वर्षी सगळे आकडे शून्य येतील.

आणि आईबाबांनो, ज्यांच्या घरात आज ही सकाळ उगवली त्यांच्याशी शेवटचं बोलतो. मारून, ओढून, शपथा घालून मूल शाळेत पोचतं, पण एकच दिवस. उलट ‘बरं वाटेल तेव्हा जा’ म्हणून महिना जाऊ देणंही घातक. वर्गशिक्षकांना आजच खरं कारण सांगा, ताप आला असं कळवू नका. पहिले काही दिवस दोनच तास, एखाद्या मैत्रिणीबरोबर, जमेल त्या विषयाला, असं ठरवून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे. मूल जगायचंच नाही असं काही बोलत असेल, तर ते नाटक आहे का याची परीक्षा घेत बसू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. आणि उद्या एखादा अभ्यासक संमतिपत्र घेऊन दारात आला, तर लोक काय म्हणतील म्हणून त्याला परत पाठवू नका. तुमच्या घरातल्या सकाळची नोंद झाली तरच पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वर्गशिक्षकाला तिसऱ्या दिवशी फोन करायचं सुचेल.