टाकाऊ वस्तू आणि विद्यार्थ्यांचे भवितव्य

सकाळी कचरागाडीचे गाणे कानी पडताच आपल्या इंदुरातील घराघरांतून ओला व सुका कचरा निरनिराळा बाहेर येतो. या शिस्तीच्या बळावर २०१७ पासून सलग सात वर्षे देशात स्वच्छतेचा पहिला मान या नगरीने मिळविला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु गाडी वळणापलीकडे गेली की आपले कर्तव्य संपले, ही समजूत आम्हांस मान्य नाही. खरा प्रश्न तेथूनच पुढे सुरू होतो.

जगात २०१५ पर्यंत साठलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच पुन्हा उपयोगात आला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. याचे कारण केवळ लोकांचा आळस नव्हे. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. पुनःपुन्हा वितळविल्याने त्या तुटतात व माल कमजोर होतो. बाटलीचे व पिशवीचे प्लास्टिक एकत्र वितळविले, तरी तेल-पाण्याप्रमाणे ती एकजीव होत नाहीत. शेवेच्या चकचकीत पुड्यात तर अनेकदा निरनिराळे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सुटे कसे करावेत?

ही कोडी झाडूने सुटणारी नव्हेत. त्यांना प्रयोगशाळाच हवी. मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा लेप देऊन डांबरी रस्ते बांधण्याची रीत शोधली. २०१८ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. बाटल्यांचे प्लास्टिक पचविणारा जीवाणू जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये उजेडात आणला. तो सापडला कोठे, तर जुन्या बाटल्यांच्या कारखान्यापाशी! जेथे आपण नाक मुरडतो, तेथे या मंडळींनी विद्या शोधली.

आणि आपल्या घरांत काय चालते? निकाल लागताच डॉक्टर की संगणक, एवढीच चर्चा. मुलीने पॉलिमर रसायनाचे किंवा द्रव्य-अभियांत्रिकीचे नाव काढले, की वडीलधारे विचारतात, "शिकूनसवरून कचराच उपसायचा का?" हा प्रश्न आम्हांस बोचतो.

कोणी म्हणेल, प्लास्टिकच बंद करा. अनावश्यक वापर थांबलाच पाहिजे. परंतु रक्ताच्या पिशवीस व सलाइनच्या नळीस पर्याय हवा असेल, तर तोही संशोधकच देणार ना?

वाट लांब आहे, हे आम्ही लपवीत नाही. पदवीपासून डॉक्टरेटपर्यंत आठ-दहा वर्षे जातात आणि स्थिर प्राप्ती उशिरा होते. परंतु दारे बंद नाहीत. इंदूरच्याच आयआयटीत धातू व द्रव्यविज्ञानाचा विभाग आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही पॉलिमरांचे अध्ययन चालते. पालकांनी थोडा धीर धरावा, एवढीच आमची विनंती.

विद्यार्थिमित्रहो, आज घरी गेल्यावर पाण्याच्या बाटलीचा तळ पाहा. तेथे त्रिकोणात १ हा आकडा आढळेल. तो तेथे का आहे, हे आपल्या विज्ञानशिक्षकांस विचारा. संशोधनाचा आरंभ अशाच एका प्रश्नाने होतो.