पाळण्याचा प्रश्न

सकाळी कॉटन ग्रीन स्थानकावर हार्बरची गाडी थांबली म्हणजे उतरणाऱ्या गर्दीत घरकामास निघालेल्या कितीतरी बायका दिसतात. ज्या कापसाच्या व्यापाराने या स्थानकास नाव दिले तो ओसरला. काळाचौकी-लालबागेत गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांतील संसार या बायकांच्या हातांवर चालतात. त्या वेळी त्यांची स्वतःची मुले कोठे असतात, हा प्रश्न मात्र आपण सुशिक्षितांनी स्वतःस क्वचितच विचारला आहे.

आम्ही पूर्वी शाळामास्तर होतो; त्यामुळे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. ते हजेरीपटावर लिहिलेले असते. आईला काम लागले की वर्गातील एखादी मुलगी गैरहजर राहू लागते. कारण धाकट्या भावंडास सांभाळणारे घरी दुसरे कोणी नसते. एका पाळण्याच्या अभावी दोन मुलांचे बालपण खर्ची पडते.

वस्तुतः या बाबतीत मुंबईनेच देशाला वाट दाखविली होती. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलला पाहिजे, असे प्रतिपादिले. १९२९ साली झालेला तो कायदा देशातील अशा स्वरूपाचा पहिला होय. पुढे १९६१ साली मध्यवर्ती कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी राखल्या.

परंतु चार घरची भांडी घासणारीची आस्थापना कोणती? तिच्या चार मालकिणी मिळून ५० ची गणती कधीच भरावयाची नाही! तिच्यासाठी २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण मंडळाचे साहाय्य म्हणजे हक्काची रजा नव्हे. केंद्राच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५,००० रुपये म्हणजे २६ आठवड्यांचा पगार नव्हे. अंगणवाडी आहे, पण तिचे दार आईचे काम संपण्यापूर्वीच बंद होते.

मालकावर भार टाकला तर तो बायकांना कामावरच ठेवणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच दप्तरी आहे. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. आज या गोदामात, उद्या त्या गोदामात ओझी वाहणाऱ्या हमालासही एक कायमचा मालक नव्हता. कायद्याने मंडळ नेमले, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही वसूल केली आणि तीतून हमालाच्या भविष्याची तरतूद केली. तेच तत्त्व येथे लावावे. कामावर स्त्री आहे की पुरुष हे न पाहता सर्व मालकांकडून अल्पशी लेव्ही घ्यावी, मोठा वाटा सरकारने घालावा, आणि त्या निधीतून प्रभागोप्रभागी दिवसभराची पाळणाघरे व बाळंतपणाची पगारी रजा द्यावी. कामगारकल्याण व प्रसूतिसाहाय्य हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखविण्याची सबब राज्य सरकारला नाही.

ही लेव्ही आमच्या वाचकांच्या घरांवरही बसेल. ती बसलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. ज्यांच्या हाती आपली लेकरे सोपवून आपण निश्चिंत मनाने कचेरी गाठतो, त्यांच्या लेकरांसाठी महिन्याकाठी चार पैसे मोजणे हे औदार्य नव्हे. ते थकलेले देणे आहे.