खच्ची हा शब्द उच्चारायचा कोणी?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि विषय असा आहे की घरातले काही वाचक कपाळाला हात लावणार. लावा बापडे. अण्णांना विचारून लिहितोय. "लिही की, माझं आता काय जायचंय" असं त्यांनीच सांगितलंय. (अण्णा म्हणजे बायकोचे मोठे चुलते. ही ओळख ब्लॉगवरच्या मित्रांसाठी, घरच्यांना ते ठाऊक आहेतच.)

'खच्चीकरण' हा शब्द आपण मराठी माणसं किती सहज वापरतो बघा. कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, मराठी शाळांचं खच्चीकरण, झालंच तर मानसिक खच्चीकरण! पेपर उघडला की कुठेतरी सापडतोच. गावाकडे खोंड खच्ची करून आणला हे वाक्य चारचौघांत, बायकामुलांसमोर बिनदिक्कत बोललं जातं. पण हाच शब्द जिथे अगदी शब्दशः लागू पडतो, त्या प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या उपचारात मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. डॉक्टरांची, मुलांची, सुनांची. आणि ज्याच्यावर उपचार व्हायचेत त्याला तर कोणी विचारतच नाही.

मी डॉक्टर नाही. गेली दोन वर्षं अण्णांची फाइल काखोटीला मारून हिंडतोय, तेवढ्यात जे वाचलं आणि विचारून घेतलं ते सांगतो.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. हे हार्मोन तोडलं तर कॅन्सर आक्रसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवलं. त्याबद्दल त्यांना 1966 साली नोबेल मिळालं. त्यांनी केलं काय? पेशंटचे वृषण काढले, किंवा स्त्रियांचं हार्मोन दिलं. म्हणजे ऑपरेशन की औषध हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच आहे. पुढे मेंदूतून वृषणांना हुकूम कसा जातो ते शॅली आणि गिलेमिन यांनी उलगडलं (त्यांना 1977 चं नोबेल), आणि त्यातून आजची इंजेक्शनं आली. अमेरिकेत ल्युप्रोलाइडला 1985 साली परवानगी मिळाली. दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी एक टोचून घ्यायचं. वृषण जागच्या जागी राहतात, पण काम बंद. कारखान्याची इमारत उभी, आत संप!

आता माझा मुद्दा. इंजेक्शनने जे होतं ते खच्चीकरणच. वैद्यकाच्या पुस्तकात दोन्हींना तेच नाव आहे, आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅमच्या खाली आलं की नाही ही कसोटीही दोन्हींना एकच. कामेच्छा जाते, अंगातून गरम वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, दंड बारीक आणि पोट मोठं होतं, उगाच रडू येतं. हे सगळं दोन्हीकडे. आयुष्यही दोन्हींनी सारखंच वाढतं. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये 2000 साली बऱ्याच चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, त्यातही फरक सापडला नव्हता.

मग घरोघरी काय सांगितलं जातं? "ऑपरेशन नको हो, साधं इंजेक्शन आहे." साधं!

अण्णांनाही हेच सांगितलं होतं. कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता, म्हणजे उपचार जन्मभर. मुलांनी केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून ठरवून टाकलं, आत अण्णांना कळलं ते "हार्मोनचं इंजेक्शन" एवढंच. काकूंना तर तेही नाही. चारेक महिन्यांत अण्णा रात्री घामाने भिजून उठायला लागले, टीव्हीवरची मालिका बघून रडायला लागले. ज्या माणसाला सख्खा भाऊ गेला तेव्हाही कोणी रडताना पाहिलं नव्हतं! आपल्याला वेड लागतंय असं त्यांना वाटत होतं. काकूंना आणखी काही वाटत होतं, ते इथे लिहीत नाही. दोघं एका घरात, एका खोलीत, वर्षभर एकमेकांपासून तोंड लपवून. एका वाक्याने टळलं असतं हे.

त्यात पैशाचं. तीन महिन्यांच्या एका इंजेक्शनला काही हजार रुपये लागतात, दर वेळी. एकदा उसाचं बिल अडकलं आणि इंजेक्शन पाच आठवडे लांबलं. पीएसए वर. ऑपरेशनला तारीख चुकण्याची भानगडच नाही. अर्ध्यापाऊण तासाचं काम, कंबरेखालचा भाग बधिर करून होतं, पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. टेस्टोस्टेरॉन अर्ध्याएक दिवसात खाली येतं. इंजेक्शनला तीन-चार आठवडे लागतात, आणि गंमत म्हणजे आधी आठवडा-दोन आठवडे हार्मोन उलट उसळतं. मणक्यात गाठ असेल तर ही उसळी पाय लुळे पाडू शकते, म्हणून सुरुवातीला वेगळ्या गोळ्या द्याव्या लागतात. (2008 साली आलेल्या डेगारेलिक्सला ही उसळी नाही, पण ते दर महिन्याला टोचून घ्यायचं.) आणि दिसण्याचीच काळजी असेल तर बाहेरचं कवच ठेवून फक्त आतला गर काढण्याची पद्धत 1940 च्या दशकापासून आहे. हे अण्णांना कोणी सांगितलं? कोणी नाही.

वाचलेले पैसे कुठे जातील तेही सांगतो. अ‍ॅबिरॅटेरोनच्या गोळ्या सुरुवातीपासून जोडीला दिल्या तर पसरलेल्या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढतं, हे 2017 साली दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. ज्याच्या घरात एकाच गोष्टीचे पैसे आहेत त्याने ते कुठे घालावेत, हा प्रश्न निदान त्याच्यासमोर मांडायला तरी हवा की नको?

आता कोणीतरी म्हणणारच की ऑपरेशन परत फिरवता येत नाही. बरोबर आहे. रेडिएशनबरोबर सहा महिने किंवा दोन-तीन वर्षंच हार्मोन बंद ठेवायचं असेल तर इंजेक्शनच हवं, तिथे कापाकापी म्हणजे मूर्खपणा. काहींना मधे सुट्टी देऊन उपचार करतात, तिथेही तेच. शिवाय एखाद्याला सगळं ऐकून इंजेक्शनच बरं वाटलं, तर त्याची मर्जी, माझी काही हरकत नाही. 'ऐकून' हा शब्द मात्र गाळू नका. आणि ज्याला हे मरेपर्यंत चालू ठेवायचंय त्याला 'परत फिरवता येतं' हे सांगून काय उपयोग? त्याला परत फिरायचंच नाहीये.

इंजेक्शन सभ्य वाटतं, त्यात कोणाकोणाची सोय असते हेही बघा. अमेरिकेत टॅप फार्मास्युटिकल्स या कंपनीने 2001 साली सरकारशी 87.5 कोटी डॉलरची तडजोड केली होती. याच ल्युप्रोलाइडचे फुकट नमुने डॉक्टरांना द्यायचे, आणि डॉक्टरांनी त्यांचं बिल सरकारी विम्याकडून वसूल करायचं, असा तो मामला. पुढे तिथल्या सरकारने 2003 च्या कायद्याने या इंजेक्शनांवर डॉक्टरांना मिळणारा पैसा कापला, तर गरज नसलेल्या पेशंटना ती देण्याचं प्रमाणही उतरलं! आपल्याकडे असंच चालतं असा आरोप मी करत नाही. पण 'पेशंटलाच इंजेक्शन हवं असतं' हे वाक्य मी आता जरा जपून ऐकतो.

सुई म्हणजे सौम्य, सुरी म्हणजे क्रूर, हा आपला भ्रम फार जुना आहे. अ‍ॅलन ट्युरिंग आठवतोय? समलिंगी संबंधांच्या गुन्ह्यासाठी 1952 साली इंग्लंडच्या कोर्टाने त्याच्यापुढे तुरुंग किंवा स्त्री-हार्मोन असा पर्याय ठेवला. हगिन्सने कॅन्सरवर वापरलं त्याच जातीचं औषध. कोणी सुरी हातात घेतली नाही, त्यामुळे कोणालाच आपण खच्ची करतोय असं वाटलं नसावं. त्याची छाती वाढली, आणि दोन वर्षांनी तो गेला. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर आपल्याकडे 'केमिकल' खच्चीकरणाची मागणी झाली तेव्हाही सूर असाच होता, की इंजेक्शन तर आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये ती मागणी फेटाळली ते बरं केलं. असो, तो विषय वेगळा, त्यावर इथे भांडण नको.

अण्णांना शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. काकूंना शेजारी बसवून. तो शब्दही वापरला. मुलं खाली बघत होती. अण्णांनी दोन मिनिटं घेतली आणि म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी खच्चीच आहे की! मग हप्ते कशाला भरायचे?" पुढच्या मंगळवारी ऑपरेशन झालं. वाफा अजून येतात, काकू पंखा वाढवतात. रडू आलं तर "हे औषधाचं आहे" असं आता ते स्वतःच सांगतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, घरातल्याच आणखी एकांचा बायोप्सीचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आलाय. हाडांपर्यंत पोचलाय. मुलाचा मला फोन होता, "त्यांना ताकदीचं इंजेक्शन आहे असं सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका." मुलगा चांगला आहे, बापावर जीव आहे त्याचा. पण मी रविवारी त्यांना भेटायला जाणार आहे, आणि त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तू हे वाचत असशील तर रविवारच्या आत तूच सांग त्यांना.